आबांच्या हातचं दूध

ज्यांच्या घरात म्हैस आहे, किंवा ज्यांच्या गल्लीच्या तोंडावर सकाळी म्हैस उभी राहते आणि गिलास पुढे केला की त्यात धार पडते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण मला आधी ते हवेत. सल्ले द्यायची मला हौस नाही. शाळेत विज्ञान शिकवते, दिवसभर सल्लेच देते, आणि मुलं ते किती ऐकतात हे चांगलं ठाऊक आहे. मी फक्त काय झालं ते सांगणार आहे. माझा आजार बरा झाला. मी चालते, जेवते, वर्गात पूर्वीसारखी ओरडतेही. जे बरं झालेलं नाही, तेही सांगेन.

कट्टा

माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. वडील, म्हणजे आमचे आबा, म्हशी पाळायचे. पाळतात अजून, पण ते पुढे येईल. गोठा पेठेच्या खालच्या अंगाला, नदीच्या बाजूला. सकाळ-संध्याकाळ आबा तिथून दोन म्हशी घेऊन कट्ट्यावर यायचे. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे कट्ट्यावर म्हैस उभी असते, गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि गवळी थेट गिलासात धार काढून देतो. कोमट, फेसाळ, काठोकाठ. ते तिथंच उभ्यानं प्यायचं, मिशीला लागलेला फेस पुसायचा आणि आपल्या कामाला जायचं. तालमीतली पोरं पितात, वकील पितात, फिरायला निघालेले म्हातारे पितात, बाप कडेवरच्या पोराला पाजतो. पाणी घातलंय का असा संशय घ्यायला जागाच नाही, सगळं डोळ्यांदेखत. त्या दुधावर आमच्या गावाचा जेवढा विश्वास आहे तेवढा देवळातल्या तीर्थावरही नसेल.

उकळलेल्या दुधाबद्दल आबांचं मत लहानपणापासून ऐकत आले. दूध तापवलं की मेलं, मग त्यात फक्त पांढरा रंग उरतो, असं ते म्हणायचे. मी नववीच्या वर्गात दूध का तापवावं हा धडा शिकवते. तो शिकवून सुट्टीला माहेरी यायचे आणि आबांच्या हातचं कच्चं दूध प्यायचे. पुस्तकातलं दूध पुस्तकात, आबांचं दूध आबांचं. त्यात काही विसंगती आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

लग्न होऊन मी जयसिंगपूरला गेले. नवऱ्याचं, संदीपचं, तिथं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. मूल होण्यासाठी आम्ही बरीच वर्षं वाट पाहिली. त्या वाट पाहण्यातल्या गोष्टी सांगत बसत नाही, ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असतात. अखेर दिवस राहिले आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी आले, तेव्हा आबांच्या पायाला भिंगरी लागली होती. कट्ट्यावरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून झालं होतं. मला लाज वाटायची आणि आवडायचंही.

आबा पहिली धार नेहमी जमिनीवर सोडायचे, ती धरणीची. दुसरी धार त्या सुट्टीत माझी झाली. वकीलसाहेब गिलास घेऊन उभे असले तरी थांबायचे. आबा गिलास भरायचे, माझ्याकडे यायचे, आणि तो माझ्या हातात नीट बसला आहे हे बघूनच आपला हात सोडायचे. रोज एकच वाक्य.

"ह्यो तुला न्हाय. आतल्या पावण्याला हाय."

मी पावण्याच्या वतीनं पिऊन टाकायचे. त्या दिवसांत पोटात पहिल्यांदा हालचाल जाणवली, आणि ती दूध प्यायल्यावर लगेच जाणवली. आबांना सांगितलं तर ते म्हशीच्या पाठीवर थाप मारून आले. त्या म्हशीचं नाव बिजली.

ताप

सुट्टी संपत आली तेव्हा ताप सुरू झाला. सकाळी काही नाही, चहा पिऊन मी ठणठणीत. दुपार कलली की हाडांतून थंडी यायची, मग ताप, मग असा घाम की अंथरूण पिळावं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत ठणठणीत. असा ताप माणसाला खोटं पाडतो. डॉक्टरकडे जायचे तेव्हा ताप नसायचा, आणि घरी आले की तो यायचा. कंबर इतकी दुखायची की मोरीत बसून उठता यायचं नाही. कोणी म्हणालं उन्हाळा बाधला, कोणी म्हणालं पहिलटकरणीला असं होतं. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, मग तेवढ्यानं भागेना म्हणून पुन्हा टाकल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी टायफॉइडची औषधं दिली. आबा म्हणाले, अशक्तपणा आहे, दूध वाढवू. आणि त्यांनी वाढवलं.

शाळा सुरू झाली, मी गेले नाही. संदीप येऊन गेला, पुन्हा आला, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा मला गाडीत घालून थेट मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

आधी आणि नंतर

मूल आधी गेलं, आजाराचं नाव नंतर आलं. हा क्रम मला अजून पचत नाही.

सकाळची वेळ होती, बाहेर रस्त्यावर शाळेच्या रिक्षा वाजत होत्या. मला फार काही आठवत नाही आणि जे आठवतं ते लिहिणार नाही. एवढंच सांगते की सगळं झाल्यावर सिस्टरनं संदीपला आत बोलावलं आणि त्यानं पाहिलं. मी पाहिलं नाही. मुलगा होता की मुलगी, हे त्याला माहीत आहे. त्यानं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. आम्ही एका ताटात जेवतो, एका छताखाली झोपतो, आणि ही एक गोष्ट आमच्या दोघांच्या मध्ये तशीच पडून आहे.

बाळंतिणींच्या वॉर्डात माझी खाट होती. आजूबाजूला तान्ही पोरं रडत होती. त्याच दुपारी एका सिस्टरनं कोणालाही न विचारता माझी खाट ढकलत दुसऱ्या मजल्यावर, साध्या बायकांच्या वॉर्डात नेली. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. हे वाचणाऱ्यांत कोणी नर्स असेल तर तिला सांगते, बाई, असं करत जा.

दोन-तीन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टर मॅडम आल्या. संदीप औषधं आणायला खाली गेला होता, आई पायाशी बसली होती. मॅडमनी विचारलं, घरी जनावरं आहेत का. मी हो म्हणाले. कच्चं दूध पिता का. मी पुन्हा हो म्हणाले, आणि खरं सांगायचं तर थोडं अभिमानानं म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि हळूच विचारलं की अलीकडे एखादी म्हैस गाभडली होती का.

गाभडली म्हणजे दिवस भरायच्या आधीच तिचं रेडकू मेलेलं पडलं. संक्रांतीच्या सुमारास बिजलीचं तसंच झालं होतं. तरी ती दुधाला आली म्हणून आबा खूश झाले होते. आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी आईकडे. मॅडम पुढे आजाराचं नाव सांगत होत्या, ब्रुसेलोसिस, तो जनावरांतून दुधावाटे माणसात येतो, जनावराचा गाभ पाडतो आणि कधीकधी बाईचाही. औषधं लांबलचक चालतील पण मी बरी होईन. आम्हा दोघींना पुढचं काही ऐकू येत नव्हतं.

मॅडम गेल्यावर आई खाटेची दांडी धरून उभी राहिली.

"ह्यांना कळू द्यायचं न्हाय," ती म्हणाली. "कळलं तर ह्यो माणूस जगायचा न्हाय."

मी मान डोलावली. आबांना टायफॉइड सांगायचं ठरलं.

पाऊस सगळ्यांचा

दुसऱ्या दिवशी मला दूध आलं.

कोणी सांगितलं नव्हतं की असं होतं. मूल नाही, आणि दूध आलं. गाऊन भिजला आणि मी तो चादरीनं झाकून भिंतीकडे तोंड करून पडले. शेजारच्या खाटेवर शाहूवाडीकडची एक म्हातारी होती आणि तिची सून, हौसाक्का, तिच्याजवळ राहायची. हौसाक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं, पडदा ओढला, आपलं एक धुतलेलं पातळ फाडलं आणि मला आवळून बांधलं. काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, माझं बी असंच झालतं, दोन दिवसांत आटतंय. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि ती रडू देत राहिली. आजारपणात मोठ्या माणसांनी मोठी मदत केली, ती मी विसरणार नाही, पण ते फाडलेलं पातळ मी जपून ठेवलं आहे.

सकाळी सहाला झाडूवाली, मग सलाईन, मग डॉक्टरांची फेरी, मग कोणाच्या तरी डब्याचा वास. मधल्या वेळेत छताकडे बघण्याखेरीज काम नसायचं. वर्गात मी फळ्यावर अन्नजाळं काढते. गवत, टोळ, बेडूक, साप, घार, आणि सगळीकडे बाण. मुलांना बाण काढायला आवडतात. छताकडे बघत मी मनातल्या मनात बाण काढायला लागले, आणि ते काढता काढता माझं डोकं फिरायची वेळ आली.

आदल्या पावसाळ्यात पूर आला होता. पश्चिमेकडे डोंगरात पाऊस पडला, धरणाचे दरवाजे उघडले, आणि नदीला पसरायला जी जागा होती तिथं आता बंगले आणि मंगल कार्यालयं, म्हणून पाणी आमच्या गोठ्यात आलं. हौसाक्काला मी त्या पुराचं सांगितलं, तर ती म्हणाली, त्या साली आमच्याकडं भात लई चांगलं पिकलं. एकच पाऊस. तिच्या घरी भात, आमच्या घरी पाणी. ती बिचारी हे सांगून ओशाळली आणि मी तिला म्हटलं, ओशाळू नकोस, भात आलं ते बरंच झालं.

पूर आला तेव्हा सगळ्या गवळ्यांच्या म्हशी एका शाळेच्या मैदानात आणून बांधल्या होत्या. कधी न भेटलेली जनावरं एका दाव्याला, एका हौदावर. लांबच्या गावांतून लोकांनी टेम्पो भरभरून चारा पाठवला. तिथं कोणाची तरी म्हैस गाभडली. आबा धावत गेले, उघड्या हातांनी रेडकू ओढून काढलं, वार काढली, त्याच हातांनी बाकीच्या म्हशींना पाणी पाजलं. शेजारधर्म होता तो. थंडीत बिजली गाभडली. उन्हाळ्यात माझ्या शाळेला सुट्टी लागली. आणि आमच्या गावाला कच्चं दूध प्यायची सवय कित्येक पिढ्यांची.

मी या बाणांत चोर शोधत होते. एक तरी माणूस असा सापडावा की ज्याला बसून शिव्या घालता येतील. सापडेना. पाऊस पडला तो पडायचाच होता. दरवाजे उघडले नसते तर धरणाला धोका होता. चारा पाठवणारे पुण्यवान. आबांनी दुसऱ्याची म्हैस वाचवली. प्रत्येकानं आपापल्या जागी शहाण्यासारखं किंवा प्रेमानंच काहीतरी केलं, आणि ते सगळं एकमेकांत अडकून माझ्या पोटाशी येऊन थांबलं. एखाद्यानं मुद्दाम केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी इतकी चिडले होते की जेवणाचं ताट ढकलून दिलं, आणि मग आईनं भात गोळा केला त्याची शरम वाटली.

संदीपला मात्र चोर सापडला होता. माझे वडील. तो वाईट माणूस नाही. त्याच्याही हातातून काहीतरी गेलं होतं आणि त्याला ते कुठंतरी ठेवायचं होतं. आम्ही वॉर्डात कुजबुजत भांडलो, कारण मोठ्यानं भांडायची सोय नव्हती. आबांना तो मामा म्हणतो. तो म्हणाला, मामांना खरं सांग, किती दिवस लपवणार. मी म्हटलं, सांगून काय मिळणार आहे तुला. तो खाली जाऊन चहा घेऊन आला आणि माझ्या उशाशी ठेवून निघून गेला. पुढचे काही दिवस तो यायचा, औषधं द्यायचा, पण खाटेवर बसायचा नाही.

किटली

आबा रोज सकाळी कट्टा आटोपून यायचे. डोक्यावर धुतलेली टोपी, हातात स्टीलची किटली, किटलीभोवती टॉवेल. त्यात बिजलीचं दूध. ताजं, अजून कोमट. एवढं रक्त गेलंय, भरून यायला नको का, असं म्हणायचे. मी म्हणायचे, आता मळमळतंय, ठेवा, मागाहून पिते. ते गेले की आई ते दूध मोरीत ओतायची आणि नळ मोठा सोडायची. दुधाचा एक थेंब सांडला तरी पायानं न तुडवणारी माझी आई. ती नळाकडे पाठ करून उभी राहायची.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. एका सकाळी आबा जरा बऱ्या चेहऱ्यानं आले. आमच्या गल्लीतल्या शकूरभाई टेलरांच्या सुनेला दिवस गेले होते. ती सासऱ्याबरोबर कट्ट्यावर आली होती, आणि तिला बघून आबांचं मन भरून आलं. तेव्हापासून ते तिला रोज दूध देत होते, पैसे न घेता. हे सांगताना ते माझ्या केसांवरून हात फिरवत होते.

"तुझ्या वाटणीची धार हाय ती," म्हणाले. "तिला देतोय मी. पुण्य तुझ्या पदरात पडंल."

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. मी आईकडे बघितलं. ती मान हलवत होती, नको, नको. मला तिचं कळत होतं. एकीकडे माझा बाप, दुसरीकडे त्या पोरीच्या पोटातलं. आजवर आयुष्यात मी कशाला इतकी भ्याले नव्हते, ऑपरेशन थिएटरलाही नाही.

"आबा, तिला देऊ नका," मी म्हटलं.

"का गं?"

"मला झालंय ते दुधातनं झालंय. टायफॉइड न्हाय. बिजलीच्या दुधातनं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असावं की तापात बरळते आहे. त्यांनी आईकडे पाहिलं, आणि आईनं तोंडाला पदर लावला तेव्हा त्यांना कळलं. किटली त्यांनी अगदी सावकाश खाली ठेवली.

"आणि ते?" त्यांनी विचारलं. पोराचं नाव नव्हतं, म्हणून ते.

"ते पण."

मग मी घाईघाईनं बोलत सुटले. डोंगरातला पाऊस, धरणाचे दरवाजे, शाळेचं मैदान, एक हौद, दुसऱ्याची म्हैस, चाऱ्याचे टेम्पो, माझी सुट्टी. हवेत बोटानं बाण काढून दाखवले. कोणा एकाचं काही नाही आबा, सगळं एकात एक अडकलंय, तुम्ही त्यातला नुसता एक ठिपका आहात, असं सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. वर्गातला सगळ्यात गुणी मुलगा ऐकतो तसं.

"तू म्हणतीस ते समदं खरं आसंल," ते म्हणाले. "पर गिलास कुणी दिला?"

माझ्याकडे बाण संपले होते. मी म्हटलं, मी घेतला की आबा, मी शिकलेली आहे. ते नुसते हसल्यासारखे झाले. बाप देतोय म्हटल्यावर लेक घेणारच, असं काहीतरी म्हणाले, टॉवेल उचलला, किटली उचलली आणि गेले.

ते घरी गेले नाहीत. आईनं नंतर सांगितलं, तसेच शकूरभाईंच्या दारात गेले. टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि आत या म्हटलं तरी गेले नाहीत. सगळं सांगितलं. सुनेला दवाखान्यात न्या, खर्च मी करतो, म्हणाले. शकूरभाईंनी त्यांचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं. त्या पोरीचे रिपोर्ट चांगले आले. तिला पुढे मुलगी झाली, चांगली गुटगुटीत आहे. मला तिचा आनंद आहे आणि मी अजून तिला बघायला गेलेले नाही. दोन्ही खरं आहे.

उरलेलं

जनावरांचे डॉक्टर येऊन म्हशींचं रक्त घेऊन गेले. बिजलीसह गोठ्यातल्या बहुतेक म्हशींना लागण निघाली. आबांचंही रक्त तपासलं. वर्षभर ते जी कंबरदुखी तालमीतल्या जुन्या पडण्यावर ढकलत होते, ती हीच निघाली. मग आम्ही बाप-लेक एकाच वेळी एकाच रंगाच्या गोळ्या घ्यायला लागलो. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. आई म्हणाली, घरात रंगपंचमी चाललीय नुसती. किती तरी दिवसांनी आम्ही हसलो आणि हसता हसता आबा उठून बाहेर गेले.

दलाल आले. अशा बातम्या त्यांना वासानं कळतात. लांबच्या बाजारात नेऊ, कोणाला पत्ता लागणार नाही, म्हणाले. भाऊबंदांनीही तेच सुचवलं, इतकंच काय संदीपनंही. म्हशी म्हणजे आबांची सगळी मिळकत होती.

"हितनं सोडून दुसऱ्याच्या दारात बांधू व्हय?" आबा म्हणाले. "तितं बी कुणाची तरी पोरगी आसंल की."

त्यानंतर संदीप आबांबद्दल काही बोलला नाही. पुढच्या खेपेला आला तेव्हा चाऱ्याचा टेम्पो घेऊन आला.

आबांनी म्हशी आटवल्या, म्हणजे दूध काढणं बंद केलं. त्या आता नुसत्या खातात आणि उभ्या असतात. कट्टा सुटला. जाण्याआधी आबांनी तिथं उभं राहून गिऱ्हाइकांना सांगितलं की घरी न्या, उकळा, मग प्या. बाकीच्या गवळ्यांना राग आला, आणि का येऊ नये, त्यांची चूल त्यावरच पेटते. काहींनी बोलणं टाकलं. वकीलसाहेब म्हणाले, आमचे आजोबा हेच पिऊन नव्वदी गाठून गेले. आजही तिथं गिलासात धार पडते. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा कडेवरच्या पोराला पाजणारा बाप दिसला की थांबते, सांगते. बहुतेक जण मला वेडी समजतात. एकदा एकानं पोराच्या तोंडापासून गिलास बाजूला घेतला होता.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. संध्याकाळी येणारा आणि सकाळी जाणारा ताप असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा की घरात जनावरं आहेत. म्हैस गाभडली तर उघड्या हातानं तिला शिवू नका, कितीही जीव तुटला तरी. आणि दूध वर येईपर्यंत तापवा. ते मरत नाही.

पाडवा

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा सण असतो. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या आणि घुंगरं, मोरपिसं. मग गवळी मोटारसायकल उडवत पुढे आणि म्हशी त्याच्या मागे धावत. आबांची बिजली सगळ्यांत पुढे धावायची. या वर्षी मी पाडव्याला माहेरी गेले तर आबा घरी नव्हते. गोठ्यात गेले. त्यांनी सगळ्या म्हशी घासूनपुसून उभ्या केल्या होत्या आणि बिजलीची शिंगं रंगवत बसले होते. तिला कुठं न्यायचं नव्हतं. रस्त्यावरून दुसऱ्यांच्या मोटारसायकलींचे आवाज येत होते आणि बिजली दाव्याला हिसडे देत होती.

मला बघून त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि कोपऱ्यातल्या स्टोव्हवर दूध ठेवलं. पिशवीचं दूध. ज्या माणसानं जन्मभर गावाला दूध पाजलं, तो आता दुकानातून पिशवी आणतो. ते उकळलं, वर आलं, खाली बसलं, आबांनी पुन्हा वर आणलं. पुन्हा एकदा. मग गिलासात ओतून माझ्याजवळ आले आणि गिलास माझ्या शेजारी दगडावर ठेवला. आजारी पडल्यापासून त्यांनी माझ्या हातात काही दिलेलं नाही. प्रसाददेखील ताटलीत ठेवतात.

"हातात द्या की, आबा."

"गरम हाय," ते म्हणाले. "घे तू आपली."

मी घेतला नाही. आम्ही दोघे बिजलीकडे बघत बसलो. दुधावर साय धरली.

"पावणं दारातनंच गेलं की गं," आबा म्हणाले, आणि मग ते रडले. माझ्यासमोर पहिल्यांदाच, लहान पोरासारखे, टोपीत तोंड खुपसून.

मी दगडावरचा गिलास उचलला, त्यांच्या हातात ठेवला आणि माझा हात पुढे केला. त्यांनी गिलास दोन्ही हातांनी धरला, घट्ट. दूध त्यांच्या बोटांवर सांडत होतं. रस्त्यावरची मिरवणूक लांब गेली, घुंगरांचा आवाज थांबला, दूध गार झालं. त्यांनी गिलास दिला नाही. मी हात मागे घेतला नाही.